सक्तीविरोधी मोर्चे, रेशनची रांग आणि कामगार संघटनेचं काम

नोव्हेंबर 2021 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात (आताचं छत्रपती संभाजीनगर) आदेश निघाला: कोविड लसीचा किमान एक डोस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही, गॅस सिलिंडर नाही. लसीकरणात जिल्हा राज्यातल्या 36 जिल्ह्यांत 26वा होता. राज्यात पहिला डोस 74 टक्के लोकांनी घेतला होता, इथे 55 च्या आसपास. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी मागे पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली. महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यात होते, आणि औरंगाबाद, नांदेड, हिंगोली हे तीन आपल्या मराठवाड्यातलेच.

डाव्या कार्यकर्त्यांची त्या आठवड्यात चांगलीच पंचाईत झाली. लस हवी, हे आपणच वर्षभर सांगत होतो. पण गरिबाचं रेशन अडवणं कसं मान्य करायचं? दोन्ही एका दमात बोलायचं धाडस फार थोड्या संघटनांनी केलं. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावलं. मग ती जागा दुसऱ्यांनी घेतली: व्हॉट्सॲपवर कायदेशीर नोटिशीचे नमुने फिरवणारे, काढे विकणारे, आणि सक्तीच्या नावाखाली लसच नाकारायला शिकवणारे. साथ पुन्हा येईल तेव्हा पत्रक कुणी लिहायचं, गेटवर काय बोलायचं, रस्त्यावर कसं उभं राहायचं हे आधीच ठरलेलं असावं, म्हणून हे लिहितो आहे.

आपली भूमिका एका वाक्यात मावली पाहिजे: लस फुकट, वस्तीजवळ आणि भरपगारी रजेसह मिळावी, रेशन, पगार आणि गेटपास यांच्याशी तिची सांगड घालू नये. हे वाक्य प्रत्येक पत्रकाच्या डोक्यावर छापा. पहिला अर्धा भाग गाळला तर आपण सक्तीविरोधी मोर्च्याची शेपटी होतो. दुसरा गाळला तर कलेक्टर कचेरीचे प्रचारक.

फुकट लस सरकारने खुशीने दिली नव्हती, हेही नव्या पोरांना सांगावं लागतं. 1 मे 2021 च्या धोरणात केंद्राने निम्म्याच लसींची जबाबदारी घेतली होती, उरलेल्या राज्यांवर आणि खासगी दवाखान्यांवर सोडल्या होत्या. कामगार संघटना, राज्य सरकारं आणि न्यायालय असा सगळीकडून रेटा आल्यावर 21 जूनपासून 75 टक्के लसी केंद्राने घेऊन 18 वर्षांवरच्या सगळ्यांना मोफत केल्या. तरी खासगीत कोविशील्ड 780 रुपये आणि कोव्हॅक्सिन 1410 रुपये राहिली. म्हणजे हमालाच्या घरातल्या चौघांचा एकेक डोस तीन हजारांच्या वर.

सक्तीविरोधी मोर्च्यात येतात कोण, हे आधी नीट ओळखावं. तीन थर असतात. वर थोडे संघटक, ज्यांचं राजकारण जुनं आणि बहुतेक उजवं असतं. मधे धंदेवाले. खाली मात्र साधी माणसं: कंत्राटदाराने गेटवर अडवलेला, दोन दिवस ताप आला आणि खाडा पडला तो, नवऱ्याच्या दवाखान्याच्या बिलात शेत गहाण पडलं ती. आपलं भांडण पहिल्या दोन थरांशी आहे. तिसरा थर आपलाच आहे, आणि तो तिकडे गेला याचा अर्थ आपण त्याच्या दारात पोचलो नव्हतो.

मेलबर्नचं उदाहरण याच मुद्द्यासाठी कामाचं आहे. सप्टेंबर 2021 मध्ये तिथल्या सरकारने बांधकामांवरच्या चहा-जेवणाच्या खोल्या बंद केल्या. 17 तारखेला बांधकाम मजुरांनी टेबलखुर्च्या थेट रस्त्यावर मांडून चहा घेतला. मागणी साधी आणि रास्त होती. तीनच दिवसांनी, 20 तारखेला, सीएफएमईयू या बांधकाम कामगारांच्या संघटनेच्याच कचेरीवर लसविरोधी जमाव चालून गेला, काचा फुटल्या. त्यात कामगार होते आणि बाहेरचे उजवेही होते. सरकारने दोन आठवडे बांधकामच बंद केलं, म्हणजे मजुरी बुडाली ती सगळ्यांची. संघटना लस घ्या म्हणत होती आणि सक्ती नको असंही म्हणत होती. तरी तिची भूमिका जागोजागच्या बांधकामावर बोलली गेली नाही तोवर ती कागदावरच राहिली, असा माझा निष्कर्ष आहे.

इटलीत 9 ऑक्टोबर 2021 ला रोममध्ये सीजीआयएल या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाची कचेरी नवफॅसिस्टांनी फोडली. आठवड्याभरात, 16 तारखेला, संघटनांनी त्याच शहरात प्रचंड सभा घेऊन उत्तर दिलं. पण मला त्यांची मागणी जास्त महत्त्वाची वाटते. 15 ऑक्टोबरपासून ग्रीन पास (लसीचा किंवा चाचणीचा दाखला) नसेल तर काम नाही आणि पगारही नाही, असा नियम झाला. लस न घेतलेल्याला दर 48 तासांनी चाचणी, एका चाचणीचे 15 युरो. चाचणीचा खर्च कामगाराच्या खिशातून नको, मालकाने द्यावा, ही मागणी महासंघाने लावून धरली. लस न घेणाऱ्यालाही आपला सभासद मानून त्याच्या पगारासाठी भांडणं, यानेच फॅसिस्टांच्या पायाखालची वाळू सरकते.

आता आपल्याकडे. मराठवाड्यातला अविश्वास अज्ञानातून आला असं म्हणणाऱ्याने बीडचा 2019 चा अहवाल वाचावा. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलं की जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. ज्या बाईला दवाखान्याने कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतलं, ती पुढच्या सुईकडे संशयाने बघणारच. मे 2020 मध्ये जालन्याच्या पोलाद कारखान्यातून गावाकडे पायी निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. त्याच वर्षी तबलिगींच्या नावाने सगळ्या मुसलमानांवर साथीचं खापर फोडलं गेलं. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याआधीच्या हिवाळ्यात एनआरसीची, म्हणजे नागरिकत्वाच्या नोंदणीची, भीती होती. अशा मोहल्ल्यात हातात यादी घेऊन, आधार कार्ड मागत, पोलिसाला सोबत घेऊन गेलात तर दारं बंद होणार नाहीत तर काय. तेव्हाचे आरोग्यमंत्री जालन्याचेच. मुस्लिम वस्त्यांसाठी सलमान खानकडून आवाहन करवून घेऊ असं ते म्हणाले होते. त्याच पैशात आणि वेळेत गल्लीतल्या आशाताईंचा थकलेला मोबदला दिला असता तर काम जास्त झालं असतं, असं माझं ठाम मत आहे.

आशांशिवाय हे काम होतच नाही. जून 2021 मध्ये राज्यातल्या जवळपास 70 हजार आशांनी संप केला, तेव्हा वस्तीतल्या संघटनांनी त्यांच्या धरण्यावर जाऊन बसायला हवं होतं. जिथे लोक गेले तिथे नंतर आशाही गेटवर आल्या. संप चालू असताना साथ द्यायची नाही आणि शिबिराच्या दिवशी मात्र ताई हव्यात, हे चालत नाही.

सुरुवात मोजणीपासून. एक तक्ता करा, विभागवार किंवा गल्लीवार, आणि पाच रकाने पाडा: घेतली, घ्यायची आहे पण वेळ नाही, कागद किंवा मोबाइल नाही, भीती वाटते, घेणारच नाही. शेवटचा रकाना आपल्याला वाटतो तेवढा मोठा नसतो, खरा भरणा मधल्या तिघांत असतो आणि ती तिन्ही कामं संघटनेच्या हातातली आहेत. तक्त्यावर नावं लिहू नका, फक्त आकडे. नावांचा कागद एकदा ठेकेदाराच्या हाती लागला की दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना गेटवर उभं करतात, आणि संघटनेने चुगली केली हे कायमचं चिकटतं. मोजणी करायला जोडी हवी, त्यात एक बाई असलीच पाहिजे, आणि दोघंही त्याच खात्यातले किंवा त्याच गल्लीतले हवेत.

मग व्यवस्थापनाला निवेदन. मागण्या पाचाच्या वर नेऊ नका. डोसचा दिवस आणि पुढचे दोन दिवस भरपगारी. कंत्राटी कामगारांना तेच. लसीकरण कारखान्याच्या आवारात, तिन्ही पाळ्यांना सोयीचं. त्रास झाला तर उपचाराचा खर्च कंपनीचा. आणि प्रमाणपत्र नाही म्हणून गेटबंदी किंवा पगारकपात नाही. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, पोच नसेल तर निवेदन दिलं असं धरू नका. तिसरी प्रत कामगार उपायुक्तांना.

दोन दिवसांच्या रजेवर व्यवस्थापनाचं ठरलेलं उत्तर येतं: ईएसआय (कामगार विमा) आहे ना. इथे कार्यकर्त्याला कायदा तोंडपाठ हवा. ईएसआयचा आजारपणाचा लाभ पगाराच्या 70 टक्के असतो, पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. आधीचं आजारपण पंधरा दिवसांच्या आतलं असेल तरच धरतात. लसीचा ताप असतो एक-दोन दिवसांचा. म्हणजे हाती शून्य. कारखाने कायद्यातली भरपगारी रजा तेव्हा 240 दिवस भरल्यावर मिळायची, आणि वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंत्राटी पोराचे 240 दिवस भरूच देत नसत. हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला की सभेत बसलेल्या प्रत्येकाला कळतं की त्याची भीती सुईपेक्षा खाड्याची जास्त होती.

शिबिराचं गणित कुपीवर चालतं. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस असायचे, प्रत्येकी अर्धा मिली. कुपी उघडली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. त्यामुळे सहा माणसं जमली की परिचारिका कुपी उघडायला का-कू करते आणि ती सहाही माणसं परत जातात, ती पुन्हा येत नाहीत. उपाय असा की दहाच्या गटाची यादी करा आणि प्रत्येक गटामागे तीन राखीव नावं ठेवा, शक्यतो जवळच्या टपरीवरची किंवा वॉचमनची. पहिली पाळी सुटण्याच्या तासभर आधी कुपी उघडली तर चार तासांत दोन्ही पाळ्या बसतात. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं, म्हणून एका टेबलामागे पंधरा-वीस खुर्च्या, सावली, पाणी. ॲड्रेनॅलिनसह औषधांचा संच टेबलावर आहे की नाही हे संघटनेच्या माणसाने स्वतः बघावं. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात डबा पत्र्याच्या शेडखाली ठेवला तर बर्फाच्या पिशव्या किती टिकतील याचा विचार करा. संध्याकाळचं शिबिर असेल तर लाइट गेल्यावर काय, हे आधी ठरवा. मराठवाड्यात हे विसरून चालत नाही.

बोलताना खरं बोला, पूर्ण बोला. ताप येतो, अंग मोडून येतं, एक-दोन दिवसांत उतरतं. कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होतात का, असं कुणी विचारलं तर हसण्यावारी नेऊ नका. केंद्राच्या समितीने मे 2021 मध्ये अशा 26 संभाव्य घटना नोंदवल्या होत्या, दहा लाख डोसमागे 0.61. आकडा सांगा, लक्षणं सांगा: सतत डोकेदुखी, धाप लागणं, छातीत दुखणं, पाय सुजणं असं काही झालं तर लगेच दवाखाना. लपवलेली गोष्ट विरोधकांच्या भाषणातून कळली तर आपलं पुढचं एकही वाक्य कुणी ऐकत नाही. आणि "अडाणी" हा शब्द तोंडातून गेला तर त्या गल्लीत वर्षभर पाय ठेवू नका. शहरातले शिकलेले मदतनीस इथेच घोटाळा करतात, म्हणून त्यांना नोंदणीच्या टेबलावर बसवा, दारावर पाठवू नका.

विरोधक न्यायालयाचा दाखला देतील, तोही पूर्ण माहीत हवा. 2 मे 2022 च्या जेकब पुलियेल निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. मोर्च्यातलं भाषण इथेच थांबतं. निकाल पुढे म्हणतो की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, मात्र ते प्रमाणात असावेत; तेव्हा संसर्ग कमी होता म्हणून ते निर्बंध प्रमाणात नव्हते. आणि लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही, हेही त्याच निकालात आहे. दुष्परिणामांची माहिती जाहीर करा, हा आदेशही. ती मागणी आपली असायला हवी होती.

रस्त्यावर समोरासमोर यायची वेळ आली तर ओटावाचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवावं. जानेवारी 2022 च्या अखेरीस कॅनडाच्या राजधानीत ट्रक घुसले, दिवसरात्र भोंगे वाजत राहिले. निमित्त होतं सरहद्द ओलांडणाऱ्या ट्रकचालकांच्या लसीचं, पण बहुतेक चालकांनी लस घेतलेलीच होती, आणि टीमस्टर्स या त्यांच्या संघटनेने या आंदोलनाचा निषेध केला होता. बुडालेला पगार, फसवे करार हे चालकांचे खरे प्रश्न ताफ्याच्या मागण्यांत नव्हतेच. ब्रॅम्प्टनमध्ये पंजाबी चालकांचे थकलेले पगार वसूल करायला मालकांच्या दारात धरणं धरणारं नौजवान सपोर्ट नेटवर्क हे त्या काळातलंच.

12 फेब्रुवारीला ओटावात कामगार संघटना आणि रहिवाशांनी मिळून हजारोंचा मोर्चा काढला. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बिलिंग्ज ब्रिजजवळ बँक स्ट्रीट आणि रिव्हरसाइड ड्राइव्हच्या चौकात काही डझन शेजारी कडाक्याच्या थंडीत रस्त्यात उभे राहिले आणि शहरात निघालेल्या पस्तीसेक गाड्या अडकवल्या. दुपारपर्यंत माणसं शेकड्यांनी वाढली. मारहाण नाही, काच फोडणं नाही. दिवसभर उभं राहून एकेक गाडी सोडली, आणि सोडताना अट घातली: झेंडे उतरवा, इंधनाचे कॅन इथे ठेवा. हे जमलं कारण जागा मुख्य तळापासून लांब होती, समोरचे थोडे होते आणि आपली माणसं लवकर पोचली होती. भरलेल्या तळावर शंभर माणसं घेऊन गेले असते तर मार खाल्ला असता.

आपल्याकडे क्रांती चौकात किंवा कलेक्टर कचेरीसमोर त्यांचा मोर्चा असेल तर त्याच वेळी तिथे जाऊ नका. आदल्या दिवशी गेट मीटिंग आणि मोंढ्यात सभा घ्या, म्हणजे तिसऱ्या थरातली माणसं तिकडे जाण्याआधी आपलं म्हणणं ऐकतील. स्वतःचा मोर्चा काढताना पोलीस ठाण्याला लेखी पत्र, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1)(3) ची जमावबंदी लागू आहे का याची चौकशी, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ पत्रकावर छापलेली. वीस माणसांमागे एक स्वयंसेवक, दंडाला लाल पट्टी, हातात काठी नाही. ॲम्ब्युलन्सला वाट. कुणी डिवचलं तर उत्तर फक्त ठरलेला एकच माणूस देईल. पाच मिनिटांच्या वर भाषण नाही. आणि घोषणा रजेच्या, रेशनच्या, दवाखान्याच्या. समोरच्याच्या जातीवर, धर्मावर एक अक्षर नाही.

त्यांच्यावर कडक कायदा लावा, अशी मागणी आपण करू नये. कॅनडाने 14 फेब्रुवारीला आणीबाणीचा कायदा वापरला तेव्हा काही डाव्यांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने तो वापर अवाजवी ठरवला. आपल्याकडे तर साथरोग कायदा 1897 चा, आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा, वर अत्यावश्यक सेवांतले संप रोखणारा मेस्मा. 2021 च्या हिवाळ्यात एसटी कामगार संपावर होते, मेस्माची धमकी त्यांनाच मिळत होती. जमावबंदी आली की पहिला मोर्चा आपला अडतो.

रेशन अडवलं तर लगेच करायची कामं अशी. अन्नसुरक्षा कायदा 2013 प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला कुटुंबामागे 35 किलो हा हक्क आहे, त्यात लसीची अट नाही. दुकानदाराकडे नकार लेखी मागा. देत नसेल तर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी दुकानासमोरच कागद करा: तारीख, वेळ, कार्ड क्रमांक, काय बोलला. 1967 या हेल्पलाइनवर तक्रार, तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज, तिथे नाही झालं तर कायद्यातल्या कलम 15 नुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकारी. दुकानदाराशी भांडू नका, तो वरच्या आदेशाखाली आहे. त्याच सकाळी त्याच दुकानाच्या शेजारी लसीचं टेबल लावा. रांगेतल्या माणसाला धान्यही मिळालं पाहिजे आणि लसही, पण एकीसाठी दुसरीची अट नको. आदेशानंतर केंद्रांवर गर्दी वाढली, हे खरं आहे. खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणंही त्याच काळात राज्यात उघडकीला आली.

ऊसतोडीचं गणित वेगळंच. कोविशील्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचं अंतर असायचं. ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर गाव सोडतात. ऑक्टोबरच्या मध्यात कोयता (तोडणीची जोडी) निघणार असेल तर पहिला डोस 20 जुलैच्या आत व्हायला हवा, तेव्हा दुसरा 12 ऑक्टोबरला गावातच बसतो. जुलैत माणसं खुरपणीत असतात, म्हणून तांड्यावर आणि वाडीवर शिबिर सकाळी सात वाजता किंवा अंधार पडताना. ऑगस्ट उजाडला तर दुसरा डोस कोल्हापूर, सांगली नाहीतर बेळगावच्या फडावर पडणार, आणि तिथे नवरा-बायकोच्या जोडीला एका खाड्याचा दंड उचलीत (आगाऊ घेतलेल्या रकमेत) चढतो. म्हणून टोळी जमवणाऱ्या मुकादमाशी करार होतानाच, उचल घेण्याच्या दिवशी, दोन गोष्टी तोंडी नको, कागदावर घ्या: लसीच्या दोन दिवसांचा खाडा धरायचा नाही, आणि कारखान्याने डॉक्टर कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) पाठवायचा. प्रत्येक टोळीतल्या एका लिहित्या-वाचत्या बाईकडे सगळ्यांच्या पहिल्या डोसच्या तारखा आणि नोंदणीचे मोबाइल नंबर एका वहीत हवेत. एका नंबरवर चौघांची नोंद व्हायची, आणि तो फोन मुकादमाचा असला तर प्रमाणपत्रही त्याच्याच हातात राहतं.